डाव्या दिव्याचा वरचा कोपरा

नमस्कार मंडळी.

सकाळपासून या समाजमंदिरात काय काय आलं ते आधी सांगते. मला दुसरं काही सुचत नाही. खुर्च्या आल्या, भाड्याच्या. सतरंज्या शेजारच्या मठातून आल्या, त्या फुकट. लाऊडस्पीकर आला, तो मी नको म्हणत होते. हार आले नऊ, एकही दीडशेच्या खालचा नाही. अण्णांनी हे नऊ हार बघितले असते तर म्हणाले असते, एवढ्यात एका टायरचं रिमोल्ड झालं असतं.

मंद्रूपचे पाव्हणे आले. गल्लीतली सगळी आली. आमच्या बचत गटाच्या बाया भाकरीचं काम ठेवून आल्या. अकलूजच्या बोर्डिंगच्या खानावळीचे मामा पहाटेची एसटी धरून आले. सगळ्यांचे उपकार आहेत. आणि सगळे मिळून मला म्हणता, वहिनी, तुम्हीच बोला.

मी कशी बोलू, सांगा बरं.

मी अण्णांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन या घरात आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. एका चुलीचं खाल्लं, एका नळाचं पाणी भरलं. आणि इतक्या वर्षांत मी अण्णांशी बोलायची नाही. भांडण नव्हतं. पद्धत होती. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही. पदर डोक्यावर, नजर खाली. तेही माझ्याशी बोलायचे नाहीत. जे काय असेल ते थोरल्या जाऊबाईंमार्फत. आमटीत मीठ कमी असलं तर मी समोर वाढत असतानाच जाऊबाईंना सांगायचे, "म्हणावं, मीठ कमी हाय." मी जाऊबाईंना म्हणायची, "म्हणावं, घालते." जाऊबाई मधे बसलेल्या. त्या दोघांचंही ऐकायच्या आणि आपलं जेवायच्या. जाऊबाई घरात नसल्या तर अण्णा भिंतीला सांगायचे. मीही भिंतीलाच उत्तर द्यायची. आमच्या स्वयंपाकघराच्या त्या भिंतीला आमच्या घरातलं सगळं ठाऊक आहे. बोलवायचं तर तिला बोलवायला हवं होतं.

आता उभी केलीच आहे तर जे आहे ते सांगते. गोड गोड मला जमणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण अण्णांनी त्या गाडीपायी माझा जो जीव खाल्ला, तो सांगितल्याशिवाय अण्णा सांगून होत नाहीत.

आमचे हे गेले तेव्हा मी मॅट्रिकच्या जोरावर काय करणार होते? भाकरी येत होती. ज्वारीची कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर वाळवायची. मोडली की आवाज यायला हवा. आवाज नाही तर ती भाकरी नाही, ते कातडं. गल्लीतल्या बाया जमल्या, शेंगाचटणी जोडीला आली, गट उभा राहिला. अकलूजच्या बोर्डिंगचं काम मिळालं. दर सोमवारी पोती भरून भाकरी. त्या एका सोमवारावर गटातल्या बायांच्या घरचा आठवडा चालतो. आजही चालतो.

पण अकलूजला न्यायचं कसं? अण्णा गिरणीतून निवृत्त झालेले फिटर. त्यांच्याकडे ती जुनी पांढरी गाडी, एका डॉक्टरांकडून घेतलेली. एक दिवस भिंतीला म्हणाले, "म्हणावं, सोमवारी डिकी रिकामीच असती." झालं. तेवढ्या एका वाक्यावर अण्णा दर सोमवारी अकलूजला जाऊ लागले. पेट्रोलपुरते पैसे घ्यायचे, वर एक रुपया नाही. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई कृतघ्न आहे.

पहिले काही महिने बरं चाललं. मग एका सोमवारी अकलूजहून मामांचा फोन. भाकरी मऊ पडली आहे. मोडत नाही, वाकते.

मंडळी, कडक भाकरी करणाऱ्या बाईला भाकरी वाकते म्हणणं म्हणजे काय, ते या समोर बसलेल्या बायांना विचारा. आम्ही रात्रीचा दिवस करून वाळवलेली भाकरी. सोलापूरचं ऊन. आमच्या अंगणात शेवगा वाळतो, माणूस वाळतो, आणि भाकरी मऊ?

मी जाऊबाईंना म्हटलं, विचारा, डिकीत ओल आहे का. अण्णांनी डिकी उघडली, सतरंजीवर तळवा ठेवला, तळवा सगळ्यांना दाखवला. कोरडा. म्हणाले, "म्हणावं, गाडी ठीक हाय. भाकरी नीट वाळत न्हाय."

आमच्या गटातली महादेवी तिथंच उभी होती. आज पुढच्या रांगेत बसली आहे. ती काय गप्प राहते? म्हणाली, "अण्णा, तुमच्या डिकीत बेडूक सोडला तर पावसाळाभर सुखानं नांदंल." डिकी उघडली की वास यायचा, भिजलेल्या गोणपाटाचा. सगळ्यांना यायचा. फक्त अण्णांना यायचा नाही. स्वतःच्या लेकराच्या डोक्याचा वास कुणाला येतो का?

आणि पाऊस तर नव्हता. मग पाणी आलं कुठून? सांगते. आमच्या भागात नळ येतो चार-पाच दिवसांआड. नळाच्या दिवशी घागर घागर भरून ठेवायची, तांब्या मोजून वापरायचा. भांडी विसळलेलं पाणी मी तुळशीला घालते. आणि हे गृहस्थ रविवारी संध्याकाळी दोन बादल्या पाणी घेऊन गाडीला आंघोळ घालायचे. अंगाला लावतात तसं हळूहळू, वरून खाली, पुसत पुसत. मी जाऊबाईंना म्हटलं, नका म्हणावं धुऊ, फडक्यानं पुसा. उत्तर आलं, "म्हणावं, पिंडीवर पाणी घालता का फडक्यानं पुसता?" आता याला काय बोलायचं? मी सोमवारचा उपास करणारी बाई. देवाला मधे आणलं की माझं तोंड बंद, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

पुढच्या सोमवारी भाकरी परत मऊ.

मग अण्णांच्या मनात जरा शंका आली. गाडी गळते असं नाही म्हणाले. म्हणाले, "म्हणावं, रबर जरा कडक झालंय." डिकीच्या झाकणाला चारी बाजूनं रबर असतं. ते मऊ करायला त्यांनी काय लावलं असेल? करडईचं तेल. माझ्या घाण्याच्या तेलातलं. चांगलं चोळून चोळून लावलं. आधीच त्या डिकीत भाकरीचा चुरा, शेंगाचटणीची पूड. वर करडईच्या तेलाचा वास. गल्लीतल्या उंदरांना लग्नाचं आमंत्रणच गेलं. आठवड्यात वरच्या बाजूचं रबर कुरतडून ठेवलं.

उंदरांमागून लाल मुंग्या आल्या. मुंग्या खालच्या भोकांतून येतात असं अण्णांनी शोधून काढलं. डिकीच्या तळाला, जादा चाक ठेवतात त्या खोलगट जागेत, कंपनीनंच भोकं ठेवलेली असतात, आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण हातात लांबीचा, म्हणजे भेगा बुजवायच्या लगद्याचा, डबा होता आणि समोर भोक होतं. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस. भोक दिसलं की बुजवायचं. बुजवलं. वर स्टेपनी ठेवली, वर पुठ्ठा, वर सतरंजी. सगळं छान कोरडं. तळवा ठेवा, कोरडा.

यानंतर मामांचा तिसरा फोन आला. मामा इथं बसले आहेत, त्यांना वाईट वाटायला नको. त्यांचंही बरोबर होतं. पोरं ताटात भाकरी टाकून उठत होती. मामा म्हणाले, आणखी एकदा मऊ आली तर मी दुसरीकडून घेईन, वहिनी, माझाही नाइलाज आहे.

त्या रात्री गटाच्या बाया माझ्या ओट्यावर येऊन बसल्या.  एकीच्या मुलीची फी भरायची होती. महादेवीच्या घरात तीच एक कमावती. शेवटी महादेवी म्हणाली, अण्णांची गाडी सोडू आणि टेम्पो लावू. भाड्यात सगळं जाईल, पण काम तरी राहील. आणि मला म्हणाली, "तू सांग त्यास्नी."

मी सांगू? मी?

मी जाऊबाईंना सांगितलं. जाऊबाईंनी अण्णांना सांगितलं. अण्णा उठून डिकीचं झाकण एकदा उघडून बघून आले. मग म्हणाले, "म्हणावं, रविवारी पाण्याची परीक्षा घेऊ."

पाण्याची परीक्षा म्हणजे असं. एकानं डिकीत शिरायचं, झाकण लावून घ्यायचं, आत टॉर्च धरून बघायचं. दुसऱ्यानं बाहेरून थोडं थोडं पाणी ओतायचं, खालून सुरुवात करून वर वर जायचं. कुठं ओतल्यावर आत येतं ते कळतं. चांगली रीत आहे. प्रश्न एवढाच की आत शिरायचं कुणी? अण्णांचं पोट तुम्ही बघितलेलं आहे. जाऊबाईंचे गुडघे. महादेवी म्हणाली, मी आत गेले तर गाडी विकून मला काढावं लागंल. उरले कोण?

अण्णांनी मागची सीट काढली. मी पदर खोचून, देवाचं नाव घेऊन, त्या वाटेनं डिकीत शिरले. पन्नाशी उलटलेली बाई, भर दुपारी, उंदरांच्या लेंड्यांत आडवी. बाहेर सगळी गल्ली जमलेली. माझ्या माहेरच्या कुणी बघितलं नाही, हे सिद्धरामेश्वरांचे उपकार.

आता गंमत बघा. मी आत. अण्णा मागच्या बाजूला, तांब्या घेऊन. त्यांच्या माझ्यामधे एक पत्रा. आणि जाऊबाई मागच्या दारापाशी वाकून उभ्या. का? तर निरोप पोचवायला. अण्णा ओतायचे, मी टॉर्च फिरवायची. एकदा पुठ्ठ्यामागं टपकल्याचा आवाज आला. कुठून ते कळेना, पत्र्याच्या पेटीत सगळीकडूनच आवाज येतो. मी म्हटलं, जाऊबाई, आलं. जाऊबाई कंबर धरून सरळ झाल्या, दोन पावलं मागं गेल्या, म्हणाल्या, "आलं म्हन्ती." तोवर अण्णांचा तांब्या मागच्या डाव्या दिव्यावरून उजव्या दिव्यावर गेलेला. अण्णांनी खडूनं उजव्या दिव्यावर फुली मारली.

उजवा दिवा सोडवला. नवीन पॅकिंग घातलं. वर सीलंट भरलं, दोनदा. अण्णा खूश. आणि सोमवारी भाकरी मऊ.

मामांनी ती घेतली. का घेतली ते मामांनाच ठाऊक. फोनवर एवढंच म्हणाले, पुढचा सोमवार शेवटचा, वहिनी.

दुसऱ्या रविवारी परत मी आत. या वेळी मी आधीच पुठ्ठे काढायला लावले होते, जाऊबाईंमार्फत. परत तांब्या. परत थेंब. परत मी म्हटलं, जाऊबाई, आलं. परत जाऊबाई सरळ झाल्या. आणि मला आतून ऐकू आलं की पाणी आता वर झाकणावर पडतंय. अण्णा पुढं गेले होते. निरोप अजून वाटेत होता.

मंडळी, तीस वर्षांचा वैताग म्हणा, उकाडा म्हणा, महादेवीचं घर म्हणा. त्या अंधारात माझा पदरही डोक्यावर नव्हता आणि बघायलाही कुणी नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, थांबा. मघाशी ओतत होता तिथं परत या."

बाहेर पाणी पडायचं थांबलं. 

मला वाटलं, आता तांब्या ठेवून घरात जातील. मग पत्र्यापलीकडून आवाज आला. "इथं?"

"तिथं न्हाय. खाली. डाव्या दिव्यावर."

"इथं?"

"व्हय. ओता. हात हलवू नका."

"आलं?"

"न्हाय. जरा वर."

"आता?"

"आलं. वरच्या कोपऱ्यातून आलं. खाली स्टेपनीकडं चाललंय. ओतू नका आता, नळ गुरुवारी येणार हाय."

आणि जाऊबाई म्हणाल्या, "तुमचं तुमी बोलताय तर मी उन्हात कशाला उभी हाय?" आणि घरात जाऊन त्यांनी चहा टाकला.

अण्णांनी स्टेपनी उचलली. खाली पाणी. काळं, साचलेलं, बोटभर खोल. दिव्याच्या कोपऱ्यातून येत होतं, मागच्या मागं उतरत होतं, तळाला साचत होतं. आधी भोकांतून बरंचसं निघून जायचं, नुसती ओल राहायची; आता बाहेर पडायला वाट नाही, कारण भोकांना लांबी. वरून सतरंजी कोरडी. सोमवारी गाडी उन्हात अकलूजची वाट धरायची, डिकी तापायची, त्या पाण्याची वाफ व्हायची आणि आमची भाकरी वाफेवर बसल्यासारखी. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतःच भरलेली लांबी स्वतः खरवडून काढली. कुणाकडं बघितलं नाही. पाणी खाली रस्त्यावर पडलं. मग ते उठले, हात पुसले, आणि समोरच्या घराच्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "म्हणावं, भाकरी बरोबर होती."

एवढंच. माझ्याकडं वळले नाहीत. मीही पदर डोक्यावर घेतला आणि भिंतीला म्हटलं, "म्हणावं, बरं."

डावा दिवा सोडवला, पॅकिंग बदललं. झाकणाचं सगळं रबर नवीन टाकलं, त्याला तेल लावायचं नाही अशी शपथ जाऊबाईंनी घ्यायला लावली. सगळं काढून डिकी सूर्य मावळेपर्यंत उघडी ठेवली. सोलापूरचं ऊन त्या एका दिवशी मला देवासारखं वाटलं. सोमवारी दुपारी मामांचा फोन आला. त्यांनी सरळ फोनजवळ भाकरी धरून मोडली. कडकन. मी फोन महादेवीच्या कानाला लावला, म्हटलं, मामा, परत मोडा.

त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी सरळ बोलायला लागले असतील, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. जेवायला बसले की परत "म्हणावं". मीही परत "म्हणावं". काय माणसं आहोत आपण? एकदा बोललो, जग बुडालं नाही, काम झालं, तरी पुन्हा भिंत. मला याचा राग आहे. आजही आहे. अण्णांवर आहे आणि निम्मा माझ्यावर.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी दारात उभी होते. जाऊबाई उशाशी. माणसं अशा वेळी देवाचं नाव घेतात, लेकरांची नावं घेतात. अण्णा म्हणाले, "म्हणावं, स्टेपनीखालची भोकं दर पंधरवड्याला काडी घालून मोकळी करायची." जाऊबाईंना रडू फुटलेलं, त्या निरोप कसला देतात. अण्णा दाराकडं बघत राहिले. मी उंबऱ्यावरून म्हटलं, "ऐकलं, अण्णा. करते." अण्णा म्हणाले, "बरं." मला म्हणाले. भिंतीला नाही.

आता कामाचं. मंद्रूपचे भाऊबंद सकाळपासून म्हणत आहेत, गाडी भंगारात द्या, घरात चालवणारं कुणी नाही. बायका काय करणार गाडीचं? त्यांना माझं सांगणं आहे. गाडी जाऊबाईंची आहे आणि जाऊबाई चालू ठेवा म्हणाल्या आहेत. गेल्या सोमवारी पोती एसटीनं पाठवली. टपावर आपटून भाकरीचा भुगा झाला. मामांनी भुगा घेतला, कारण मयताचं घर. पण मामांना बोर्डिंगला उत्तर द्यावं लागतं. असे फार सोमवार ते काढू शकणार नाहीत.

तेव्हा, बसलेल्या मंडळींनो. सोमवारचा एक दिवस, सोलापूर ते अकलूज, श्रीपूरमार्गे. बाई असो, बाप्या असो, निवृत्त असो. ज्याला गाडी चालवता येते आणि तेल लावायची खोड नाही, असा कुणी तुमच्या गावात, भावकीत असेल तर मला कळवा. पेट्रोल गटाचं आणि दिवसाचा रोजही गटाचाच. आम्हाला आता फुकट नको.

आधी अण्णांसाठी उभे राहू. डोळे मिटा, आपापल्या देवाचं नाव घ्या, कुणी काही बोलू नका.

बसा. घरी पोचलात की उलट टपाली एक कार्ड टाका. फोन नको, फोन कुणीतरी दुसरंच उचलतं आणि निरोप उशिरा पोचतो. कार्ड माझ्या नावानं टाका. उत्तर मीच लिहीन.